नऊ आणि दहाचा जोड

दुधाचं पातेलं उचललं तर त्याखाली नकाशा. गरम भांड्याखाली हाताला लागेल तो कागद सरकवायची बायकोची जुनी खोड, आणि या वेळी हाताला लागलं होतं लेकीनं, माऊनं, काल ठेवलेलं रंगीत पत्रक. पातेल्याच्या बुडाचा ओला गोल बरोबर मधोमध उमटला होता. त्या गोलात एक ओढा होता, एक पाण्याची जुनी टाकी होती, आणि दोन्हींच्या मधून पिवळ्या ठिपक्यांची एक वाट खुशाल वळणं घेत गेली होती. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘नवी सोपी वाट : सगळ्यांसाठी’. चष्मा डोळ्यांवर असूनही तो चष्मा शोधायला लागला. “अहो, ते फेकू नका हं,” बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी राहूनच म्हणाली, “माऊचं आहे. उद्या सकाळी तुम्हाला घेऊन जाणार आहे ती तिकडे.” “मला? मला कशाला?” “मग काय मला? माझे गुडघे बघताय ना. जावई गेलेत बाहेरगावी, डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलंय, सातवा महिना आहे, एकटी कशी जाईल? बाप आहात, जा की चार पावलं.” चार पावलं! त्याने पत्रक पुसलं, खिडकीपाशी नेलं, आणि पहिला विचार त्याच्या मनात आला तो हा, की माऊला कुणी काही सांगितलं तर नसेल? नाहीतर दोन वर्षं नवराबायको तिथे फिरायला जातात, कधी बापाला चल म्हणाली नाही, आणि आत्ताच, नेमक्या याच वाटेवर बापाची आठवण कशी झाली?

मनात शंकेची पाल चुकचुकायला त्याला फारसं निमित्त लागत नसे, हे खरं. नकाशांच्या कार्यालयात तीस वर्षं त्याचं कामच ते होतं. तिथे आखणारे आखायचे आणि हा तपासायचा. सगळं कार्यालय त्याला पाठीमागे शंकासुर म्हणायचं, पुढेपुढे तोंडावरही म्हणायला लागलं, आणि त्याला त्याचं मनातून बरंच वाटे. तपासायची रीत ठरलेली होती. समोरासमोर दोघांनी बसायचं. एकाने मूळ नकाशा समोर घेऊन चौकोनामागून चौकोन मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नवी प्रत समोर घेऊन तेच तिथे उतरलंय का बघायचं, लाल पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचं आणि ‘हं’ म्हणायचं. ‘हं’ ऐकू आल्याशिवाय वाचणाऱ्याने पुढे सरकायचं नाही, आणि बघितल्याशिवाय ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणायचं नाही. एवढंच. वाचायला त्याच्यासमोर कायम एकच माणूस असे, ज्याला सगळे भोंगा म्हणत. भोंगा नावाप्रमाणेच होता. तो वाचायला लागला की शेजारच्या खोलीतले लोक दार लावून घेत. त्या दोघांच्या हाताखालून गेलेल्या नकाशात चूक सापडली, असं तीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. निरोपाच्या दिवशी साहेबांनी तेच सांगितलं, टाळ्या झाल्या, आणि हा खाली मान घालून बसला. लोकांना वाटलं, काय विनय आहे माणसाचा! विनय कसला, घाम फुटला होता.

कारण अकरा वर्षांपूर्वी लष्कराने ती जमीन सोडली होती. शहराबाहेरची मैलच्या मैल गवताळ जमीन, जिथे पन्नास वर्षं तोफांचा सराव चालला होता. सोडताना त्यांनी एक मोठा नकाशा दिला. जिथे न फुटलेले गोळे जमिनीत राहिले असतील आणि जिथली माती अजून उपसून साफ केलेली नाही, तिथे तांबड्या तिरक्या रेघा. बाकी जागा मोकळी, तिथे उद्या झाडं लावा, हरणं सोडा, माणसं फिरवा. या नकाशाची बारा तुकड्यांत प्रत काढायची होती. बारा शीटं. आठ शीटं तपासून झाली आणि नवव्याच्या सकाळी साहेबांनी याला आत बोलावून एक निनावी पत्र दाखवलं. याच्याबद्दलची तक्रार. हा मुद्दाम कामं अडवून ठेवतो, दुसऱ्यांना कमी लेखतो, असलं काहीबाही. साहेब म्हणाले, लक्ष देऊ नका. पण लक्ष द्यायचं नाही म्हणजे काय करायचं? पत्रात ज्या गोष्टी होत्या त्या समोर बसणाऱ्या माणसालाच ठाऊक असायच्या. तो येऊन जागेवर बसला. भोंग्याने वाचायला सुरुवात केली. आणि त्या दिवशी त्याने कागदाकडे बघितलंच नाही. तो भोंग्याच्या तोंडाकडे बघत राहिला. आवाज जरा खरखरतोय का? डोळे वर का करत नाही हा? आज पाणी दोनदा का प्यायला? हात आपला सवयीने टिंबं देत होता, तोंड ‘हं’ म्हणत होतं, आणि सगळं लक्ष त्या एका माणसाच्या जिवणीवर. “टाकीपासून ओढ्यापर्यंत, पूर्ण तिरक्या रेघा.” हे वाक्य त्याला आजही जसंच्या तसं ऐकू येई, कारण त्या दिवशी त्याने ऐकण्यापलीकडे काही केलंच नव्हतं. भानावर आला तेव्हा दहावं शीट समोर होतं आणि नवव्याच्या कडेच्या चौकोनांवर लाल टिंबं उमटलेली होती. मागे जाऊ या, एवढे तीनच शब्द बोलायचे होते. पण भोंग्याने विचारलं असतं, का? तुझी कधी नजर चुकत नाही, आजच का? मग काय सांगायचं, तुझं तोंड वाचत होतो म्हणून? तो बोलला नाही. प्रत गेली, आठवड्याभरात मूळ नकाशाही लष्कराकडे परत गेला. पुढे कधीतरी कळलं, पत्र भोंग्याचं नव्हतंच. आखणीतल्या एकाने स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी हसत हसत सांगितलं, की गंमत केली होती. गंमत! भोंगा तोवर अंथरुणाला खिळला होता. हा त्याला दोनदा भेटायला गेला, संत्री घेऊन. दोन्ही वेळा भोंग्याने विचारलं, “काय रे, काही बोलायचंय का?” आणि दोन्ही वेळा हा म्हणाला, “छे, सहज आलो.” भोंगा गेला त्याला चार वर्षं झाली.

आता तुम्ही म्हणाल, या माणसाने अकरा वर्षं केलं तरी काय? बरंच केलं. लष्कराच्या कचेरीला पत्र लिहिलं, तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा फाडलं. वर्तमानपत्र आलं की आधी आतल्या पानांवरच्या अपघाताच्या बातम्या बघायची सवय लावून घेतली. तीन वर्षांपूर्वी ती जमीन लोकांना फिरायला उघडली तेव्हा तो चार दिवस जेवला नाही, आणि पित्त झालंय म्हणाला. मग माऊ आणि जावई तिकडे जायला लागले. तेव्हा त्याने सहज विचारल्यासारखं विचारून घेतलं, की कुठल्या बाजूला जाता? टेकडीच्या, असं कळलं. टेकडी म्हणजे शीट चार. चार त्याने डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं, चारवर तो डोळे मिटून झोपला असता. हळूहळू त्याने मनाची समजूत घातली, की चूक झाली असेल असं कशावरून? आखणाऱ्याने बरोबरच आखलं असेल. आपण बघितलं नाही म्हणजे तिथे काही चुकलंच, असं थोडंच आहे? आणि आज हे पत्रक. पण पत्रकावरचा नकाशा तरी खरा कशावरून? कुणा चित्रकाराने चार रेघा गाळल्या असतील, पिवळी वाट नीट दिसावी म्हणून. त्यावर विसंबून कुणी आयुष्यभराचं नाव मातीत घालतं का? फाटकाशी मोठा फलक असेल. तिथे बघू. तिथे रेघा ओढ्यापर्यंत दिसल्या की झालं. एवढं ठरवल्यावर त्याला झोप लागायला हवी होती, ती लागली नाही.

सकाळी गाडीत माऊ फारच आनंदात दिसली आणि त्याला तेही खटकलं. तिने त्याच्यासाठी नवे बूट आणले होते, बरोबर मापाचे. माप कुणी सांगितलं? “आईनं, दुसरं कोण सांगणार?” ती हसली. “बाबा, तुम्ही ना, वाढदिवसाच्या केकवरचं नावसुद्धा तपासून बघता.” “बघावंच लागतं. एकदा चुकीचं आलं होतं.” “ते दुकानदारानं मुद्दाम केलं, असं तुम्ही महिनाभर म्हणत होता.” तिचे हात स्टिअरिंगवर जरा सुजल्यासारखे दिसत होते, पोट पट्ट्याखाली गोल आलं होतं. तिच्याएवढं जपून या जगात त्याने काही धरलं नव्हतं. शाळेच्या सहलीला पाठवताना त्याने बसची चाकं वाकून बघितली होती, डॉक्टरांची भिंतीवरची पदवी खुर्चीवर चढून वाचली होती. आणि आज तीच पोर त्याला त्या जमिनीवर घेऊन चालली होती, आणि हा बाजूला बसून रस्त्यावरचे दिवे मोजत होता. “आज बागेत गेलो तर? तळ्याभोवती? तिथेही छान सपाट आहे,” तो म्हणाला. “बाग कसली, तिथे नुसती कुत्री आणि गप्पा मारणाऱ्या बायका. इथे आलात की तुम्हीच म्हणाल, आधी का नाही आणलंस. चढ नाही, दगड नाहीत, ठिकठिकाणी बाक. माझ्यासारख्या आणि तुमच्यासारख्यांसाठीच केलीय ती वाट.” “माझ्यासारख्या म्हणजे?” “म्हणजे सत्तरीकडे झुकलेल्या, बाबा. त्यातही काही काळंबेरं शोधू नका.”

फाटकाशी फलक होता. बारा शीटं लहान करून, एकाशेजारी एक चिकटवून केलेला. त्याच्या कार्यालयाची अक्षरं, त्याच्या कार्यालयाचं वळण. बारावं शीट आखणाऱ्याची डोंगर काढायची लाडकी तऱ्हासुद्धा ओळखू येत होती. त्याने नऊ आणि दहाचा जोड शोधला. बोटभर जागा. तांबड्या तिरक्या रेघा टाकीपाशी येऊन थांबल्या होत्या. टाकी ते ओढा, पांढरं. कोरं. स्वच्छ. पिवळी वाट त्या पांढऱ्यातून आरपार गेली होती. अकरा वर्षं जे कळत नव्हतं ते असं सकाळच्या उन्हात, काचेमागे, कुणाचंही बोट लागेल इतक्या उंचीवर टांगलेलं. “बघा, तुमच्या ऑफिसचं नाव आहे खाली,” माऊ म्हणाली, आणि चौकीतल्या माणसाला तिने अभिमानाने सांगितलं, “हे सगळे नकाशे बाबांनी तपासलेत बरं का!” चौकीदार म्हातारा होता, ताठ कण्याचा, लष्करातून निवृत्त झालेला असावा. त्याने याच्याकडे नीट बघून घेतलं. का बघितलं असेल? “मग साहेबांना काय सांगायचं,” चौकीदार म्हणाला, “साहेबांना माहीतच आहे. वाट सोडायची नाही, एवढं बास.” हीच वेळ होती. या माणसाला बाजूला घेऊन दोन वाक्यं बोलायची होती. पण माऊ हसत उभी होती, तिने आत्ताच सांगितलं होतं की सगळे नकाशे बाबांनी तपासलेत. त्या तोंडावर ते हसू असताना तो काय बोलणार होता? आणि शिवाय, त्याच्या मनाने ताबडतोब नवी पळवाट काढली होती. अकरा वर्षांत कुणीतरी पुन्हा साफ करून घेतलं असेलच की. वाट करायच्या आधी यंत्रं फिरवली असतील, कुत्री फिरवली असतील. सरकार काय नुसत्या कागदावर वाट काढतं? सरकार नुसत्या कागदावरच वाट काढतं हे तीस वर्षं बघितलेला माणूस असं स्वतःला विचारत होता.

वाट खरंच सोपी होती. बारीक खडी, दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीच्या पांढऱ्या खुंट्या, पलीकडे वाऱ्याने एकाच दिशेला झुकलेलं वाळकं गवत. मधेच एखादी सिमेंटची बुटकी खोली जमिनीतून अर्धी वर आलेली, दारातून आत काळोख, आणि तिच्यावर पाटी, की आत वटवाघळं राहतात, त्रास देऊ नये. निशाण्यासाठी उभे केलेले मातीचे उंच बांध आता गवताने गोल झाले होते. लहान तपकिरी पक्षी सरळ वर उडत आणि वरच राहून ओरडत. दुसऱ्या कुणाला हे सगळं किती शांत वाटलं असतं! त्याला त्या शांततेचाच संशय येत होता. जिथे नांगर नाही, घर नाही, विहीर नाही, तिथे माणसांनी पन्नास वर्षं पाऊल का टाकलं नाही, याची आठवण ती शांतता करून देत होती. तो पुढे चालायला लागला. “माझ्यामागे ये. माझ्या पावलावर पाऊल टाक.” “अहो बाबा, हळू. शर्यत आहे का?” “मागे राहा म्हणतो ना!” आवाज चढला. ती थांबली. “तुम्हाला यायचं नव्हतं तर सांगायचं होतं. घरून निघाल्यापासून तोंड असं केलंय. ह्यांनी वाट निवडली म्हणून राग आहे का?” “जावयांचा काय संबंध?” “मग कुणाचा आहे?” तो पुन्हा चालू लागला. प्रत्येक पाऊल टाकताना तो टाच आधी टेकवत नव्हता, चवडा टेकवत होता, जणू त्याने जमिनीला काही फरक पडणार होता. पुढे आपण आहोत, जे व्हायचं ते आधी आपल्याला होईल, असा एक हिशेब त्याने डोक्यात मांडला होता आणि त्यातच त्याला थोडं मोठेपण वाटायला लागलं होतं. बोलायला न लागता मुलीला वाचवायची ही युक्ती. लाज कशी नाही वाटली, हे त्याला नंतर कधीच सांगता आलं नसतं.

टाकी आली. गंजलेली, एका बाजूला कललेली, अंगावर गोळ्यांची भोकं. पुढे उताराला ओढ्याकाठची हिरवी रेघ दिसत होती. मधे दोनशे पावलं. तो ती दोनशे पावलं डोळ्यांनी मोजत होता, खडीकडे, खुंट्यांकडे, खुंट्यांच्या बुडाशी उकरलेल्या मातीकडे बघत होता, आणि मागच्या पावलांचा आवाज बंद झाल्याचं त्याच्या उशिरा लक्षात आलं. वळून बघितलं तर माऊ वाट सोडून गवतात शिरली होती. वीसेक पावलांवर एकुलतं एक डेरेदार झाड होतं, त्याच्या सावलीत सिमेंटचा सपाट चौथरा. कमरेवर हात ठेवून, पोट सांभाळत, ती आरामात तिकडे चालली होती. “दोन मिनिटं टेकते हं,” ती न वळता म्हणाली. “पाठ भरून आलीय.”

“थांब!” असा आवाज त्याने उभ्या आयुष्यात काढला नव्हता. पक्षी गप्प झाले. “माऊ, थांब! हलू नकोस. एक पाऊलही टाकू नकोस!” ती जागच्या जागी उभी राहिली. “काय आहे? साप आहे का?” “साप नाही. तिथे... तिथे साफ केलेलं नाही.” “काय साफ केलेलं नाही?” “गोळे. न फुटलेले. मूळ नकाशात इथे रेघा होत्या, ओढ्यापर्यंत. प्रतीत त्या आल्या नाहीत. मी बघितलं नव्हतं.” “काय बघितलं नव्हतं, बाबा?” “त्या दिवशी मी नकाशाकडे बघितलंच नव्हतं. ‘हं’ म्हणत गेलो. न बघता.” तो रडत होता, हे त्याला चष्मा धूसर झाल्यावर कळलं. ती गवतात उभी होती, दोन्ही हात आता पोटावर, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत होता. भीती त्यात होती, पण सगळी भीती नव्हती. “कधीची गोष्ट ही?” “अकरा वर्षं झाली.” “आणि ही वाट इथून जाते, हे?” “काल दुपारी कळलं. पत्रकावरून.” “काल,” ती म्हणाली. “काल दुपारी. आणि आज सकाळी तुम्ही माझ्या गाडीत बसलात. फाटकाशी मी त्या माणसाला काय सांगितलं ते ऐकलंत. एक तास माझ्यापुढे चाललात.” त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. “मागच्या रविवारी आम्ही दोघं त्या चौथऱ्यावर अर्धा तास बसलो होतो,” ती म्हणाली. “इथूनच चालत गेलो.” आणि देवाशपथ, त्याच्या जिवाला एकदम हलकं वाटलं. बसून आले, म्हणजे काही झालं नाही, म्हणजे कदाचित काही नाहीच तिथे! ते हलकेपण त्याच्या तोंडावर उमटलं असणार, कारण ती म्हणाली, “बरं वाटलं ना तुम्हाला?”

ती आल्या पावलांनी परत आली. गवत जिथे जिथे मोडलं होतं तिथे तिथेच पाय ठेवत, खाली बघत, अजिबात घाई न करता. आठ-दहा पावलं होती, पण त्याला वाटलं दुपार होईल. त्याने हात पुढे केला होता. तो हात तिने धरला नाही. परतीच्या वाटेवर ती पुढे होती आणि तो मागे, आणि समोरून दोन मुलं घेऊन एक बाई आली तेव्हा माऊनेच तिला थांबवलं, पुढे वाट बंद आहे म्हणून सांगितलं आणि मागे फिरवलं. चौकीपाशी मात्र ती बाजूला उभी राहिली. “तुम्ही सांगा,” एवढंच म्हणाली. त्याने सांगितलं. शीट नऊ, दहाशी जोड, टाकी ते ओढा, मूळ नकाशात तिरक्या रेघा, तपासणारा मी, वाचणारा आता हयात नाही, त्याची चूक नाही. हे शेवटचं त्याने दोनदा सांगितलं. त्याला वाटलं होतं चौकीदार ओरडेल, हसेल, निदान अविश्वास दाखवेल. चौकीदाराने वहीत सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, “असंच ना?” म्हणून विचारलं, फोन केला, आणि दोरी घेऊन वाट बांधायला निघाला. जाताना फक्त म्हणाला, “परवा शाळेची सहल होती इथे. साठ पोरं.”

गाडीत माऊ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. किल्ली लावली नाही. काच खाली होती, बाहेर उन्हात दोन सायकलवाले फलक वाचत उभे होते. त्याला बोलायचं होतं, की मी घाबरलो होतो, की मी पुढे चाललो ते तुझ्यासाठीच, की एवढ्या वर्षांत एक दिवस असा गेला नाही. पण हे सगळं तिला सांगायचं म्हणजे पुन्हा तिच्याचकडून काही मागायचं, एवढं त्याला आता समजत होतं. ती म्हणाली, “आणखी काय आहे?” “कशाचं?” “आणखी काय काय आहे, जे तुम्ही न बघता बघितलं म्हणालात?” “काही नाही गं. शपथ. एवढंच.” तिने वळून त्याच्याकडे बघितलं, डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे, ओठांकडे, नीट आणि पुष्कळ वेळ. “आईच्या ऑपरेशननंतरचे रिपोर्ट तुम्हीच वाचले होते,” ती म्हणाली. “आम्हाला म्हणालात, सगळं ठीक आहे, काळजी करू नका. आम्ही कुणी बघितले नाहीत. बाबांनी वाचलेत म्हटल्यावर बघायचं काय.” “ठीकच होते. ओळ न् ओळ वाचली होती मी. तीनदा. बोट ठेवून.” हे खरं होतं. रात्र रात्र बसून, शब्दकोश घेऊन त्याने ते वाचले होते, आणि ते खरोखरच ठीक होते. “घरी गेल्यावर फाइल काढून ठेवा,” माऊ म्हणाली. “मी स्वतः वाचते.” तिने किल्ली फिरवली. “काढतो,” तो म्हणाला.